मूळ गाणं ठाऊक नसलेलं मूल विडंबनाला का हसतं?

प्रश्न विचारणाऱ्या ताई न्यू जर्सीच्या आहेत. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा ‘सेसमी स्ट्रीट’ या लहान मुलांच्या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमाच्या, त्यातल्या बाहुल्यांच्या, जुन्या क्लिप्स बघतो. त्यातल्या बऱ्याच तुकड्यांत ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, जुन्या संगीत नाटकांतल्या गाण्यांचं विडंबन असतं. मूळ गाणी मुलाला माहीत नाहीत, ताईंनाही फारशी नाहीत, तरी पोरगं खदखदून हसतं. ताईंचं म्हणणं असं, की हे विडंबन नेमकं कुणासाठी असतं? आणि मंडळाच्या मराठी शाळेत बाहुल्या घेऊन नाट्यगीतांवर असंच काही बसवायचं आहे, ते मुलांपर्यंत पोचेल का, की फक्त आजीआजोबाच हसतील? आणि गाण्यांच्या हक्कांचं काय?

गेली बावीस वर्षं मी मुलांसाठी बाहुलीनाट्य करते. गाणी लिहिते, बाहुली हातातही धरते. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकात एक अडकलेत. विडंबन कुणासाठी, हा एक. आणि मुलाला मूळ माहीत नसेल तर त्याच्या हाती काय लागतं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तुमच्या कार्यक्रमावर अवलंबून आहे. प्रेक्षक घरी पडद्यासमोर आहेत की सभागृहात, मुलं चारची आहेत की नवाची, शेजारी मोठं माणूस बसलंय का, यावर बरंच ठरतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र मला पक्कं माहीत आहे, कारण ते मी एकदा चुकून शिकले.

तेव्हा मी नवीन होते. पुण्याच्या एका शाळेत आम्ही दात घासण्यावर बाहुल्यांचं गाणं केलं, एका गाजलेल्या नाट्यपदाच्या चालीवर. शब्द मी सगळेच्या सगळे बदलले होते, यमकं चपखल होती, मला स्वतःला फार आवडलं होतं. पहिल्या ओळीलाच मागच्या रांगांतून पालकांचा हशा आला. पुढे सतरंजीवर बसलेली मुलं मात्र मान वळवून मागे बघायला लागली. बाहुलीकडे एकाचंही लक्ष नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर एक चिमुरडी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “मावशी, सगळे का हसले?” माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. गाण्यातली गंमत त्या नाट्यपदाच्या आठवणीत होती, आणि ती आठवण त्या मुलीकडे नव्हती. दात घासायचा ब्रश तिथे नुसता उपरा होता. त्या चालीचा दातांशी संबंध काय? काहीच नाही.

आता याच्या शेजारी ‘सेसमी स्ट्रीट’चा ‘ओक्लाहोमा!’वरचा तुकडा ठेवून बघा. तुमच्या मुलानं तो पाहिला असण्याची बरीच शक्यता आहे. कर्मिट बेडूक दिग्दर्शक झालाय, चित्रीकरण चाललंय आणि समोर गायला उभा आहे विसराळू काउबॉय, फरगेटफुल जोन्स. त्याला एवढंच करायचंय, की नाटकाच्या नावाचं ते गाणं सुरू करायचं. पण पहिलं अक्षरच त्याला आठवत नाही. एकदा तो ‘आऽऽक्लाहोमा’ म्हणतो, एकदा ‘ईऽऽक्लाहोमा’. कर्मिट दर वेळी थांबवतो, समजावतो, हळूहळू त्याचा धीर सुटत जातो. बस, इतकंच.

हे इतकं भक्कम का उभं राहतं ते समजायला मूळ गाण्याकडे बघावं लागेल. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या जोडीचं हे पहिलं नाटक, 1943 सालचं. गावोगावी तालमीचे प्रयोग चालू होते तोवर त्याचं नाव वेगळंच होतं. न्यूयॉर्कला येताना ‘ओक्लाहोमा!’ ठरलं. नावाचं हे गाणं नाटकाच्या शेवटाकडे येतं, समूहाचं, छाती भरून गायचं. आणि त्याच्या ध्रुवपदाची सुरुवात होते ती पहिला ‘ओ’ लांबच लांब ताणून धरण्यानं. सगळा समूह त्या एका स्वरावर थांबतो आणि मग बाकीचे शब्द धो धो येतात.

म्हणजे लिहिणाऱ्यांनी काय केलं? मुलांना ‘ओ’चा उच्चार शिकवायचा होता, तर त्यांनी असं गाणं शोधलं की ज्यात ‘ओ’ आधीच सगळ्यांत मोठा, सगळ्यांत ताणलेला आहे. धडा त्यांनी गाण्याला बाहेरून चिकटवला नाही. तो गाण्याच्या पोटातच होता, त्यांनी फक्त त्याच्यावर बोट ठेवलं. शब्द जवळजवळ बदललेच नाहीत. बदलला एक स्वर. आणि तो चुकीचा स्वर ताणून ताणून म्हटला जातो, त्यामुळे चार वर्षांच्या मुलालाही ऐकू येतं की इथे काहीतरी बिनसलंय. त्याला ब्रॉडवे माहीत असायची गरज नाही. मोठं माणूस चुकतंय आणि आपल्याला बरोबर उत्तर येतंय, ही त्याची गंमत. मोठ्यांची गंमत वेगळी: एवढं भारदस्त गाणं सुरूच होत नाहीये. दोघं एकाच क्षणी हसतात, वेगवेगळ्या कारणांनी. मुलाला मान वळवून मागे बघावं लागत नाही.

मी हा तुकडा किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही, आणि बाहुली चालवणारी म्हणून त्यात आणखी एक गोष्ट मला दिसते. या जातीच्या बाहुलीला ओठांचा चंबू करता येत नाही. तिचं तोंड उघडतं आणि मिटतं, एवढंच. ‘ओ’, ‘ई’, ‘आ’ यांतला फरक चेहऱ्यावर दाखवताच येत नाही, कमीजास्त उघडणं फार तर. म्हणजे सगळा भार आवाजावर. फरगेटफुल जोन्सला आवाज आणि हात रिचर्ड हंट यांचे, कर्मिटला या बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन यांचे स्वतःचे. उच्चाराचा धडा ओठ नसलेल्या बाहुलीकडून द्यायचा तर स्वर लांबच हवा, नाहीतर तो कानावरून निसटून जातो. म्हणून मला वाटतं, दुसरं कुठलंही गाणं इथे निम्मंही चाललं नसतं.

असाच दुसरा दाखला ‘द किंग अँड आय’चा. 1951 सालचं नाटक, त्याच जोडीचं. नावातला ‘आय’ म्हणजे ‘मी’. ‘सेसमी स्ट्रीट’वर कुकी मॉन्स्टर, म्हणजे बिस्किटं फस्त करणारा बाहुलीराक्षस, ‘अॅलिस्टर कुकी’ होऊन थोर कलाकृती सादर करायचा. ‘सेसमी स्ट्रीट’च्याच वाहिनीवर मोठ्यांसाठी अॅलिस्टर कुक नावाचे गृहस्थ अभिजात नाटकांची मालिका खुर्चीत बसून सादर करत, त्यांची ही नक्कल. तिथे ‘द किंग अँड आय’ म्हणजे झालं राजा आणि ‘आय’ हे अक्षर. कोटी साधी आहे, पण शाबूत आहे: नाव तेच, अक्षर तेच, फक्त अर्थ मुलाच्या पातळीवर उतरला.

याच अॅलिस्टर कुकीची एक हकिगत तुमच्या कामाची आहे. सुरुवातीला तो हातात पाइप घेऊन बसायचा, कारण ती तशा बैठकीतल्या गृहस्थाची खूण. आणि कुकी मॉन्स्टरच तो, शेवटी पाइपही खाऊन टाकायचा. पुढे कार्यक्रम करणाऱ्यांनाच ते खटकलं. मोठ्यांना तिथे नक्कल दिसते, मुलाला दिसतो पाइप. त्यांनी पाइप काढला आणि कालांतरानं ते पात्रही थांबवलं. मला हा निर्णय योग्य वाटतो. संदर्भ काढून घेतल्यावर जे उरतं, तेच मूल बघत असतं. म्हणून मी आता प्रत्येक तुकडा लिहून झाला की स्वतःला विचारते, मूळ माहीत नसेल तर इथे डोळ्यांना आणि कानांना नेमकं काय मिळतंय? उत्तर ‘काही नाही’ आलं तर तो तुकडा मुलांच्या कार्यक्रमात जात नाही, कितीही आवडला असला तरी.

आता मोठ्यांची बाजू. ती फालतू नाही, हेही सांगायला हवं. ‘सेसमी स्ट्रीट’ 10 नोव्हेंबर 1969 ला सुरू झाला, तेव्हापासून मोठ्यांना मुलाशेजारी बसवणं हा त्याच्या आखणीचाच भाग आहे. आई किंवा बाबा बरोबर बघत असतील, मध्येच काही विचारत असतील तर मूल जास्त शिकतं, या विचारानं त्यांनी नावाजलेले पाहुणे आणले, विडंबनं आणली. म्हणजे मोठ्यांचा विनोद हे मोठ्यांना सोफ्यावर धरून ठेवण्याचं आमिष. पण मुलाचं लक्ष सुटता कामा नये यावर त्यांची नजर फार करडी होती. संशोधक एडवर्ड पामर मुलांना टीव्हीसमोर बसवत आणि शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी नवी स्लाइड लावत. मुलाची नजर टीव्हीवरून कधी ढळते त्याची नोंद होई. माझ्या दात घासण्याच्या गाण्याची अशी परीक्षा झाली असती तर पहिल्या ओळीलाच निकाल लागला असता. माझ्या बाबतीत दुसरा पडदा म्हणजे पालकांचे हसरे चेहरे होते.

‘मपेट शो’ मात्र यात मिसळू नका. पुष्कळ लोक मिसळतात, कारण कर्मिट दोन्हीकडे आहे. तो 1976 ते 1981 या काळात लंडनजवळ एल्स्ट्रीच्या स्टुडिओत तयार झाला, 120 भाग. घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायचा तो करमणुकीचा कार्यक्रम, त्याला कसलाही अभ्यासक्रम नव्हता. तिथे नाटकातली गाणी आली की बहुतेक वेळा शब्दांना हात न लावता चित्रच बदललं जायचं. जूली अँड्र्यूज पाहुण्या आल्या तेव्हा त्यांनी ‘साउंड ऑफ म्युझिक’मधलं शेळ्या राखणाऱ्या गुराख्याचं गाणं बाहुल्यांबरोबर गायलं. त्या गाण्याचा प्रवासही मजेशीर आहे. 1959 च्या नाटकात ते वादळी रात्री घाबरलेल्या मुलांना धीर द्यायला येतं. 1965 च्या चित्रपटात तेच गाणं मुलांच्या बाहुलीनाट्यात गेलं, बिल बेअर्ड यांच्या कळसूत्री बाहुल्यांवर. आणि मग मपेटांच्या हाती आलं. शब्द तेच, चाल तीच, पण दर वेळी डोळ्यांपुढे नवीन काहीतरी. तुमच्याकडे लिहिणारं कुणी नसेल आणि बाहुल्या करणारे हात चांगले असतील तर हा मार्ग जास्त सोपा आणि जास्त सुरक्षित आहे.

इथवरचं थोडक्यात: मुलाला मूळ माहीत नसलं तरी चालतं, पण धडा किंवा गंमत मूळ गाण्याच्या अंगात असायला हवी. सगळे शब्द बदलण्यापेक्षा एकच जागा बदलावी, आणि ती अशी की जिथे गाणं स्वतःच थांबतं, ताणलं जातं किंवा ठासून बोलतं.

आता तुमचं नाट्यगीत. तुम्ही काही पदांची यादी पाठवली आहे, त्यातलं एक बघताच मी थांबले. देवलांच्या ‘संगीत शारदा’मधलं (1899) ‘म्हातारा इतुका न, अवघे पाउणशे वयमान’. हेच घ्या. ‘ओक्लाहोमा’त जसा ‘ओ’, तसा इथे ‘पाऊणशे’. विनोद त्या एका संख्येवर उभा आहे: इतका काही म्हातारा नाही हो, फक्त पंचाहत्तरचा! आणि पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे आपले शब्द तिकडच्या मुलांना अजिबात येत नाहीत. इकडच्याही कितीतरी मुलांना आता येत नाहीत.

तुमच्या मुलांना ते शिकवायची सोय मात्र त्यांच्या खिशातच आहे. अमेरिकेत क्वार्टरचं नाणं असतं ना, पंचवीस सेंटचं? चार क्वार्टर म्हणजे पूर्ण, शंभर. तीन म्हणजे पाऊण. पाच म्हणजे सव्वा. सहा म्हणजे दीड. पुठ्ठ्याची ताटाएवढी मोठी क्वार्टर करा, बाहुलीच्या पुढ्यात एक मडकं ठेवा. पात्र गातं, ‘अवघे सव्वाशे वयमान’, आणि मडक्यातून नाणी निघतात तीनच. मुलं मोजतात. चूक! पुन्हा गातं, ‘अवघे अडीचशे’. पुन्हा चूक.

मात्राही बसतात, मी बोटांवर मोजून बघितल्या. ‘पाउणशे’च्या सहा, ‘सव्वाशे’च्या सहा, ‘अडीचशे’च्याही सहा. एकटं ‘दीडशे’ पाच मात्रांचं, तिथे ‘दीऽडशे’ असं ‘दी’वर जरा रेंगाळावं लागेल. रेंगाळू द्या, चुकीच्या आकड्यावर रेंगाळणं आपल्याला हवंच आहे. तान मात्र घेऊ नका. तानेत बाहुलीचं तोंड पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं उघडमीट करतं आणि शब्द हरवतो.

एका गोष्टीवर मात्र मी हटून बसेन. ‘शारदा’ हे नाटक कोवळ्या मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावून देण्याच्या चालीवरचा प्रहार आहे. हे पद मुळातच टिंगलीचं आहे, म्हणून त्याला पुन्हा हात लावता येतो. पण नवरदेव आणि छोटी नवरी रंगमंचावर आणू नका, मुलांच्या कार्यक्रमात ते चित्र नकोच. म्हातारा म्हणजे कासव करा. कासव पंचाहत्तरचं असू शकतं, सव्वाशेचंही असू शकतं, त्यामुळे चुकीचे आकडेही मुलांना खरे वाटतील आणि त्यांना नाणी मोजूनच ठरवावं लागेल. आजीआजोबांना मूळ पद आठवेल, त्यांची त्यांना गंमत. आणि त्याच नाटकातल्या ‘मूर्तिमंत भीती उभी’ला कुणी हात लावायला निघालं तर थांबवा. घाबरलेल्या मुलीचं गाणं आहे ते. त्याची चाल कितीही ओळखीची असली तरी ते विडंबनासाठी नाही.

हक्कांचं विचारलंत. मी वकील नाही, पण या कामात जेवढं बघावं लागतं तेवढं सांगते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत त्याचा हक्क राहतो. देवल 1916 मध्ये गेले, आणि नाटक 1899 चं, म्हणजे तिकडे अमेरिकेतही शब्दांची अडचण नाही. मात्र एखाद्या गायकाचं ध्वनिमुद्रण लावून त्यावर बाहुली नाचवायची असेल तर तो वेगळा हक्क आहे. पेटी-तबला घेऊन स्वतः गा, प्रश्न मिटतो. अलीकडच्या नाट्यपदांना मात्र विचारल्याशिवाय हात लावू नका, आणि ब्रॉडवेच्या गाण्यांना तर नाहीच. विडंबनाला अमेरिकेत मोकळीक असते असं सगळे म्हणतात, पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1994 मध्ये एक भेद स्पष्ट केला: मूळ कृतीवरच भाष्य करणारं विडंबन वेगळं, आणि नुसती तिची चाल उसनी घेऊन दुसरंच काही सांगणं वेगळं. आपण मुलांसाठी करतो ते बहुतेक वेळा दुसऱ्या जातीचं असतं. कासवाचं वय हे काही गाण्यावरचं भाष्य नव्हे. म्हणून जुनं, मोकळं झालेलं गाणंच घ्यावं.

बाहुलीबद्दल दोन शब्द, कारण पहिल्यांदा करणाऱ्यांची इथे हमखास चूक होते. मोज्याची बाहुली घेतली तरी चालेल. बोलताना आपण चारही बोटं वर उचलतो आणि बाहुलीचं डोकं मागे उडतं, ती आढ्याकडे बघून बोलते आहे असं वाटतं. बोटं जागेवर ठेवा, अंगठा खाली न्या. माणसाचाही खालचाच जबडा हलतो. प्रत्येक अक्षराला तोंड उघडायची गरज नाही, स्वर पडतो तिथे उघडा. ‘पा’ला मोठं, ‘उण’ला अर्धवट, ‘शे’ला पुन्हा मोठं, आणि ‘शे’ संपेपर्यंत मिटू नका. आरशासमोर रोज दहा मिनिटं, पंधरा दिवस. बाहुलीची नजर मुलांवर आहे की त्यांच्या डोक्यावरून जाते, हे समोर एखाद्याला जमिनीवर बसवून तपासा. टीव्हीवाले समोरच्या मॉनिटरमध्ये बघून हे सांभाळतात. तुमच्याकडे मॉनिटर नाही, तर तुमच्या मुलालाच बसवा. तो खरं सांगेल.

आणि पेटीवाल्यांना आधी नीट सांगून ठेवा. त्यांना सवय असते की गाणारा अडखळला की आपण सूर भरून त्याला सावरून घ्यायचं. इथे सावरायचं नाही. कासवानं चुकीचा आकडा म्हटला की पेटी बंद, तबला बंद. मनात तीनपर्यंत मोजा. कासव मडक्यात बघतं, मग मुलांकडे बघतं. पहिल्यांदा कुणी काही बोलणार नाही, तुम्हाला ती शांतता जड जाईल, तरी थांबा. दुसऱ्यांदा एखादं मूल पुटपुटेल. तिसऱ्यांदा सगळी मिळून ओरडतील, “पाऊणशे!” आणि त्यांच्या त्या ‘शे’वरच पेटी सुरू करा.